दुष्काळातली धुतलेली गाडी

त्या उन्हाळ्यातली ती स्वच्छ गाडी मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. पण कुणी म्हणालं, की साहेब एखादी केस सांगा, तर पुंडलिकनगरच्या एका गल्लीत उभी असलेली एक जुनी छोटी मोटार आधी डोळ्यांसमोर येते. नावं सांगणार नाही. त्यातली माणसं याच शहरात राहतात आणि मला त्यांच्याविषयी माया आहे.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पावसानं लागोपाठ दगा दिला होता आणि शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. जिकडे बघावं तिकडे प्लॉटिंग, नव्या कॉलन्या, अर्धवट उभे अपार्टमेंट. माणसं वाढली, नळ तेवढेच राहिले. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे लोक घरातल्या लग्नाच्या तारखेसारखं लक्षात ठेवत. मी तेव्हा शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळी ठाण्यात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या पाण्याच्या असत. याने नळाला मोटर लावून सगळं पाणी ओढलं, तिने टँकरचा पाइप मध्येच पळवला, अमक्याने तमक्याची टाकी फोडली. आमचे ठाणे अंमलदार अदखलपात्र गुन्हा म्हणून नोंद घेत, दोन्ही बाजूंना समजावत आणि घरी पाठवत. मी मुळातच तापट. त्या दिवसांत तर माझ्यासमोर कुणी पाण्याचं भांडण आणलं की मी आधी दोन्ही पक्षांना झापायचो आणि मग विचारायचो, झालं काय.

अशात एका सकाळी, ऊन वर यायच्या आत, मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला. टँकर उभा होता, रांग लागली होती. रांगेच्या टोकाला घागर घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला मोटारीचा धक्का बसला, ती पडली आणि तिच्या उजव्या पायावरून चाक गेलं. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली आणि मग निघून गेली.

मी पोचलो तोवर बाईला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर एक चप्पल, फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे, आणि रांग तशीच उभी. मला वाटलं, चला, एवढे साक्षीदार आहेत, संध्याकाळपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारात येईल. पण एकालाही गाडीचा नंबर सांगता येईना. मी चिडलो. तेव्हा रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही रागाला येऊ नका. समदी पाइपाकडं बघायली होती. पाणी सुरू झालं की नजर हलत नाय कुणाची."

ते खरंच होतं. एवढ्या डोळ्यांसमोर अपघात झाला आणि सगळे डोळे एका पाइपावर खिळलेले होते. गाडीचा रंग विचारला तर कुणी पांढरा म्हणालं, कुणी करडा. आमचे एक जुने हवालदार होते, त्यांना सगळं ठाणं मामा म्हणायचं. ते माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, औंदा समद्याच गाड्या मातीच्या रंगाच्या हायेत. रंग विचारून काय फायदा नाय."

एक गोष्ट मात्र मी तिथे पाहिली आणि ती मला फार आवडली. जखमी बाईची घागर रस्त्याच्या कडेला पडली होती. तिचा नंबर आला तेव्हा दोघीजणींनी ती उचलली, भरली आणि तिच्या घरी पोचवायला निघाल्या. त्याच बायका रोज थेंबासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत. मी मामांना म्हटलं, बघा, माणसं एवढी वाईट नसतात. मामा म्हणाले, "नंबर हाय तिचा. नंबर मारणं बरं नाय."

ही बाई शिवणकाम करायची. गुलमंडीतलं एक कापडाचं दुकान तिला ब्लाउज आणि परकर बेतून द्यायचं, ती घरी पायाच्या मशीनवर शिवून पोचवायची. तिचा नवरा सेंट्रिंगचं काम करायचा. पाणी नाही म्हणून बांधकामं बंद पडलेली, त्यामुळे तो घरी बसून होता आणि घर मशीनवर चाललं होतं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिला नुकतं ऑपरेशनला नेलं होतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने मला जयभीम घातला आणि एवढंच म्हणाला, "उजवा पाय हाय साहेब. मशीनचा."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पाय राहील, पण घोट्याचं आता काही खात्रीनं सांगता येत नाही. पुढे आणखी ऑपरेशनं लागतील, बाहेरून साहित्य आणावं लागेल. ती पुन्हा पायावर उभी राहणार की नाही आणि मशीन पुन्हा चालणार की नाही, सगळा प्रश्न एवढाच होता. त्यासाठी गाडी सापडायला हवी होती, कारण गाडी सापडली तर विमा कंपनीकडून भरपाई मिळेल. निदान तेव्हा मी तसं धरून चाललो होतो.

आम्ही डेंटिंग-पेंटिंगची सगळी गॅरेजं पालथी घातली. ज्या ज्या गाडीला पोचा होता तिच्या मालकाला बोलावून झालं. चौकाचौकांत कॅमेरे असण्याचे ते दिवस नव्हते. खबरे कामाला लावले, पण खबऱ्यांना दारू आणि जुगाराचे अड्डे माहीत असतात, साध्यासुध्या घरातला माणूस गाडी ठोकून गेला तर त्याची खबर त्यांना कुठून लागणार? तपास थंडावला.

खबर आली ती माझ्याच नावडत्या वाटेने. पुंडलिकनगरमधल्या एक बाई तणतणत ठाण्यात आल्या. पाण्याची तक्रार. मी कपाळाला हात लावला आणि मामांकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही इथं भांडी राखेनं घासायलो आणि आमच्या समोरचे काका गाडी धुतात. पिण्याच्या पाण्यानं. मी डोळ्यांनी बघितलं, कॅन ओतले गाडीवर. अर्धी गल्ली तहानलेली आणि ह्यांची गाडी चमकायली. ह्याला काही कायदा हाय का नाय?"

मी नेहमीसारखं "बघतो" म्हणणार होतो, पण शब्द तोंडातच राहिले. ठाण्याच्या खिडकीतून बाहेर रस्ता दिसत होता. एकामागून एक गाड्या जात होत्या, सगळ्या मातीने माखलेल्या. मोठमोठ्या साहेबांच्या गाड्यासुद्धा. त्या उन्हाळ्यात गाडी धुवायची लोकांना लाज वाटायची. मी विचारलं, "कधी धुतली?" बाईंनी जो दिवस सांगितला तो अपघाताचाच होता. "सकाळी, गल्ली उठायच्या वेळेला," त्या म्हणाल्या. मामांनी टोपी उचलली. आम्ही दोघं निघालो.

काका म्हणजे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. वाडवडील भिक्षुकी करणारे, वडील कारकून, स्वतः कारकून, मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. घरात ते आणि काकू दोघंच. छोटं बैठं घर, पुढे थोडी जागा, जागेत गाडी. गाडी जुनी होती, पण अशी स्वच्छ, की आजूबाजूच्या गाड्यांमध्ये एकटी नवी वाटत होती.

आम्ही गाडीविषयी अवाक्षर काढलं नाही. पाण्याची तक्रार आली आहे, एवढंच सांगितलं. काकूंनी बसायला सांगितलं आणि दोघांसाठी पाणी आणलं. त्या वर्षी पाहुण्याला अर्धा पेला पाणी द्यायची रीत पडली होती. भरलेला पेला दिला आणि त्याने उरवला तर पाणी वाया जातं, म्हणून अर्धा. हवं तर पुन्हा मागायचं. काकूंनी अर्धे अर्धे पेले दिले आणि ओशाळून म्हणाल्या, "राग नका मानू हं."

मला माणसांविषयी एक अनुभव आहे. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढंच सांगतो, आणि नेहमी थोडा गोंधळतो. काकांना मी काही विचारायच्या आतच ते बोलायला लागले. गाडीची पूजा करायची होती म्हणून धुतली, पाडव्याला राहून गेली होती, वाहन आहे, लक्ष्मी आहे. उत्तर चांगलं होतं. पण मी येताना गाडीकडे बघून आलो होतो. बोनेटवर कुंकवाचं बोट नव्हतं, हळद नव्हती, चाकाखाली लिंबाची फोड नव्हती. ज्या घरात देवघरातली समई आम्हाला ओसरीतून दिसत होती, त्या घरातली पूजा झालेली गाडी अशी कोरडी कशी राहील?

मी काकांना सोडलं आणि काकूंशी बोलायला लागलो. चौकशीत नेहमी असं करावं. ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याच्याशी गप्पा मारायच्या. म्हटलं, "काकू, पिण्याच्या पाण्याचं कसं करता तुम्ही?"

"हेच आणतात ना," काकू कौतुकाने म्हणाल्या. "रेल्वे रुळांच्या पलीकडं ह्यांच्या एका मित्राचा प्लॉट आहे, तिथल्या बोअरला अजून पाणी आहे. माझे गुडघे हे असे. मग हे रोज सकाळी गाडीत कॅन टाकून जातात. नाहीतर ती गाडी मुलगा पुण्याला गेल्यापासून उभीच होती. ह्या पाण्यामुळं सुरू झाली बघा."

"रोज आणतात?"

"रोज. एकच दिवस चुकला. वाटेत कॅन सांडले म्हणे. त्या दिवशी मी शेजारून तांब्याभर मागून आणलं. ह्यांनी तर दिवसभर पाण्याला तोंडच लावलं नाही."

काकूंना आपण काय बोलून गेलो ते कळलं नाही. काकांना कळलं. कॅन सांडले नव्हते, ते गाडीवर ओतले होते, आणि ते समोरच्या बाईंनी पाहिलं होतं. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, काकूंच्या हातातल्या तांब्याकडे बघत होते.

"काका," मी म्हटलं, "बाहेर येता का जरा? गाडी बघू."

बाहेर आल्यावर त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग सांगायला लागले. मी आयुष्यात खूप कबुल्या ऐकल्या, पण हात न उगारता, आवाज न चढवता मिळालेली अशी कबुली विरळाच.

"हात होता साहेब तिचा, इथं. गाडीवर बोट-बोट धूळ बसलेली. ती पडताना आधार धरायला गेली. घरी येऊन उतरलो आणि बघतो तर सगळा पंजा उमटलेला. पाची बोटं. मी फडक्यानं पुसलं. पुसलं तर तेवढीच जागा स्वच्छ झाली, बाकी गाडी मळकी, ती जागा तर आणखीच दिसायला लागली. मग शेजारचं पुसलं. ते वाढतच गेलं. शेवटी सगळी गाडी धुतली. पाणी तेच होतं, हिच्यासाठी आणलेलं."

एक डाग लपवायला माणसाने सगळी गाडी धुतली आणि सगळ्या शहरात तीच एक धुतलेली गाडी झाली.

"थांबला का नाहीत?" मी विचारलं. "थोडं पुढे जाऊन गाडी थांबली होती असं लोक म्हणतात."

"थांबलो होतो. दार उघडलं होतं, पाय खाली टाकणार होतो. तेवढ्यात आठवलं, विमा नाही. मुलगा गेला, गाडी उभी राहिली, म्हटलं उभ्या गाडीला कसला विमा. संपला तो भरलाच नाही. नंतर पाण्यासाठी गाडी काढली तेव्हा ध्यानात होतं, पण रोज वाटायचं, रुळापलीकडं तर जायचं आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींत अपुरे कागद शोधत आलो साहेब. दार लावून घेतलं आणि आलो निघून." मग म्हणाले, "दवाखान्याच्या गेटापर्यंत जाऊन आलो दोनदा. आत जाववलं नाही."

कबुलीवर कोर्टात केस उभी राहत नाही, पुरावा लागतो. पंच बोलावले. तक्रार घेऊन आलेल्या बाईंचे यजमान पंच म्हणून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बघवेना, कारण पाण्यासाठी केलेली तक्रार इथवर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मामा गाडीवर ओणवे झाले. बोनेट आणि काच यांच्या मधल्या खाचेत, वायपरच्या खाली, जिथे पाणी पोचलं तरी कचरा निघत नाही, तिथे त्यांना हिरव्या काचेचा एक तुकडा मिळाला. बाईच्या डाव्या हातात तशाच बांगड्या शाबूत होत्या. पंचनामा केला, गाडी जप्त केली. कलमं जामीनपात्र होती, काका त्याच दिवशी जामिनावर घरी गेले. गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली आणि दोन-चार दिवसांतच इतर गाड्यांसारखी मातीच्या रंगाची झाली.

मला वाटलं, माझं काम झालं. पण खरा पेच पुढे होता.

बाईचा नवरा ठाण्यात आला, त्याच्यासोबत एक विमा एजंट. आरटीओ आणि कोर्टाच्या बाहेर अशी माणसं फिरत असतात, तुम्हालाही माहीत असतील. एजंट खुर्ची ओढून बसला. "साहेब, सीधी बात हाय. काकांच्या गाडीला विमा नाय. आता भरपाई कोण देणार? म्हातारा पेन्शनीतून देणार? माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी हाय, तीच कंपनी, तोच रंग, विमा चालू. अपघाताला ती गाडी होती असं दाखवा. कंपनी पैसे देईल, ताईचा पाय होईल, काका सुटतील. कुणाचं वाईट झालं सांगा."

मी त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. मग त्याला दार दाखवलं आणि पुन्हा या आवारात दिसलास तर खोट्या पुराव्याचं कलम तुला शिकवतो असं म्हटलं. त्याचा राग करणं सोपं होतं. पण नवरा तिथेच उभा होता आणि त्याच्यावर मला रागावता येईना.

"साहेब," तो म्हणाला, "मला खरंखोटं कळतं. पण ऑपरेशन व्हायचंय तिचं. कुणाची बी गाडी लावा, पण विम्याची लावा."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं आणि त्याची गरज खरी होती. विमा असता तर हे काहीच झालं नसतं. काका दार उघडून उतरले असते, तिला स्वतः दवाखान्यात नेलं असतं, कंपनीने भरपाई दिली असती, आणि आम्ही चार सह्या करून मोकळे झालो असतो. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मी हे करणार नाही. आणि तुझ्या बायकोचा जबाब अजून बाकी आहे. तिच्यासमोर बोल."

दवाखान्यात ती बसती झाली होती. नवऱ्याने तिला सगळं सांगितलं, अगदी माझ्यासमोर. तिने ऐकून घेतलं. मग स्वतःचा उजवा हात पुढे करून बघितला. मनगटावर बांगड्यांचे ओरखडे होते.

"मी त्या गाडीला हात लावला होता," ती म्हणाली. "लई धूळ होती तिच्यावर. ज्या गाडीला मी हात लावला नाय, ती कशी माझी म्हणू?" नवऱ्याला म्हणाली, "तुमचं काळीज कळतं मला. पर उद्या कोर्टात त्यांनी उलटं विचारलं तर मी काय सांगू? मला खोटं शिवता येत नाय, उसवतंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या माणसाला एकदा समोर येऊ द्या साहेब. मारायला नाय. मला विचारायचंय."

तपास अधिकाऱ्याने आरोपीला फिर्यादीकडे घेऊन जायचं नसतं. मी नेलं नाही. मी फक्त काकांना भेटीची वेळ काय असते ते सांगितलं, आणि योगायोगाने मामा त्या वेळी तिथे होते. तिथे काय घडलं ते मामांनी सांगितलं.

काका-काकू दोघं आले. काकूंच्या हातात पाण्याचा कॅन होता, दवाखान्यात पाण्याचे हाल आहेत असं ऐकलं म्हणून. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. बाईने एवढंच विचारलं, "थांबला का नाय तुम्ही?"

काका म्हणाले, "विमा नव्हता."

"मला काय ठावं विमा? मी पडल्यावर वर बघितलं. मला वाटलं, कुणीतरी उतरायलंय. दार उघडल्यालं दिसलं मला."

मामा म्हणाले, की यावर काका जे रडायला लागले ते थांबेनात. बाई कावरीबावरी झाली, आपल्यामुळे एवढा मोठा माणूस रडतोय म्हणून. काकू रडल्या नाहीत. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घर आहे आपल्याला. घर असताना बाईचा पाय अडायचा नाही."

मुलगा पुण्याहून आला, वकील घेऊन. वकील म्हणाला, त्या जागी गाडी नव्हतीच असं म्हणू, कुणीही नंबर पाहिलेला नाही, काचेचा तुकडा कुठूनही येतो. काकांनी वकिलाला चहा पाजला आणि परत पाठवला. फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड झाला. जन्मभर कचेरीत बसलेला माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसून राहिला. अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनी नव्हतीच, त्यामुळे सगळी जबाबदारी मालकावर आली. लोकअदालतीत तडजोड झाली. पुंडलिकनगरचं घर विकलं गेलं. काका-काकू मुकुंदवाडीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. एका वर्षाच्या न भरलेल्या विम्यापायी पिढ्यांनंतर झालेलं पहिलं स्वतःचं घर गेलं, आणि हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग माझी बदली झाली, पुढे बढती, पुढे निवृत्ती. पाऊसही नंतर पडला. शहराचं नाव बदललं, पुंडलिकनगरच्या त्या बैठ्या घराच्या जागी उंच इमारत उभी राहिली.

निवृत्तीनंतर एकदा सौभाग्यवतींसाठी साडी घ्यायला गुलमंडीत गेलो होतो. सौभाग्यवती दुकानात रमल्या, मी बाहेर पायरीवर उभा. समोरच्या दुकानातून एक म्हातारा माणूस कापडाचं गाठोडं खांद्याला लावून खाली उतरत होता. चालण्यावरून ओळखलं. काका होते. त्यांनीही मला ओळखलं.

"कुणाचं गाठोडं?" मी विचारलं.

"तिचंच," ते म्हणाले. "बेतलेले ब्लाउज. मशीनला मोटर बसवली, डाव्या पायानं चालवते आता, छान चालवते. पण बसमध्ये चढउतर होत नाही. मग मी नेतो-आणतो. आठवड्यातून एकदा."

इतकी वर्षं? मी म्हटलं, "काका, तुमचं तर कोर्टात सगळं मिटलं."

"पायाचं मिटलं साहेब. दार उघडून परत लावलं, त्याला कुठं कलम लागलं?"

त्याला कलम आहे. अपघातानंतर न थांबता निघून जाणं, जखमीला मदत न करणं, मी स्वतः ते कलम लावलं होतं आणि झालेल्या दंडात त्याचाही दंड धरलेला होता. पण हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

मी म्हटलं, चला, सोडतो मुकुंदवाडीला. सौभाग्यवतींना आणखी तासभर लागणार हे मला अनुभवाने माहीत होतं. काका गाडीपाशी आले, गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं, दाराला हात लावला आणि थांबले.

"साहेब, राग मानू नका. विमा चालू आहे ना?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी त्याला पोलीस खात्याचा हिसका दाखवला असता. मी मुकाट्याने कप्पा उघडला, कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली, कागद नीट घडी करून परत दिला आणि मग आत बसले.

ही केस मला एकच गोष्ट शिकवून गेली. आपण त्याला गाडीचा विमा म्हणतो आणि मनात हिशेब आपल्या गाडीचा करतो: जुनी आहे, उभी असते, जवळच तर जायचंय. पण कायदा ज्याची सक्ती करतो तो विमा गाडीसाठी नसतो आणि मालकासाठीही नसतो. तो रस्त्याच्या कडेला घागर घेऊन उभ्या असलेल्या, आपल्याला अजून न भेटलेल्या माणसासाठी असतो. आणि तो जवळ असला की गाडीचं दार उघडून खाली उतरायची हिंमत होते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी माणसं वाईट आहेत म्हणून पळताना फार कमी पाहिली. घाबरलेली माणसंच जास्त पळतात.

मुकुंदवाडीच्या गल्लीत मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. ती लंगडत दारात आली, गाठोडं घेतलं, आणि उशीर झाला म्हणून आधी काकांना बोलून घेतलं, "उन्हाचं हिंडू नका म्हणलं होतं ना तुम्हाला." मग मला बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि आम्हाला बसायला सांगितलं. आतून दोन पेले आणले. पाणी काठोकाठ होतं. काकांनी ते एका दमात पिऊन टाकलं आणि पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.